सासूबाईंचा सह्याद्री, ह्यांची मॅच आणि साडेचारशेचा रिचार्ज

पत्र असं आहे:

"ताई, आम्ही लांजा तालुक्यातल्या एका वाडीत राहतो. घरात तिघंच: मी, हे आणि ८४ वर्षांच्या सासूबाई. टीव्ही एक, माजघरात. छपरावर खासगी कंपनीची डिश आहे. मुलगा ठाण्याला असतो, तो दर महिन्याला ४५० रुपयांचा रिचार्ज मारतो. दोनशेच्या वर चॅनेल येतात, पण आम्ही बघतो किती? सासूबाई सह्याद्री, कीर्तन आणि बातम्या. मी संध्याकाळी दोन मालिका. ह्यांना क्रिकेट. त्यातही स्पोर्ट्सचे चॅनेल पॅकमध्ये नाहीत. मॅच दूरदर्शनवर फुकट दाखवतात असं हे ऐकून येतात, आणि लावून बघितलं की तिथे भलतंच काहीतरी चाललेलं असतं. यंदा पावसात आठ दिवस टीव्ही बंद होता. मेकॅनिक यायचेच ३५० रुपये म्हणाला. बाजारातला दुकानदार म्हणतो, ३००० द्या, फ्री डिश बसवतो, आयुष्यभर फुकट, मालिकासुद्धा येतील. मुलगा म्हणतो, सगळं काढून टाका, वायफाय घ्या. मला यातलं काही कळत नाही आणि पैसे मुलाचे जातात म्हणून जीव हळहळतो. काय करू?"

तुमचं पत्र दोनदा वाचलं. हळहळ बरोबर आहे. पण तुमच्या घरात काय चुकतंय ते तुम्हीच पत्रात लिहून ठेवलंय: कोण काय बघतं, ते. दुकानदार काय, मुलगा काय, दोघांनीही तुम्हाला यंत्रंच सुचवली. माणसं कुणी मोजली नाहीत. आपण माणसांपासून सुरुवात करू.

आधी सासूबाई. त्यांच्यासाठी तुम्ही काहीही निवडलंत तरी सह्याद्री जाणार नाही. दूरदर्शनच्या ठरावीक वाहिन्या प्रत्येक केबलवाल्याने आणि प्रत्येक डिशवाल्या कंपनीने दाखवल्याच पाहिजेत असा नियम आहे, आणि त्यांचे वेगळे पैसे लागत नाहीत. मराठी बातम्यांच्या आणि भक्तीच्या बऱ्याच वाहिन्याही "फ्री टू एअर" असतात, म्हणजे वाहिनीची स्वतःची किंमत शून्य. सासूबाईंचं बघणं जवळपास फुकटच आहे. ४५० रुपये त्यांच्यासाठी जात नाहीयेत.

मग ते जातात कुठे? २०१९च्या फेब्रुवारीपासून देशभर नवी पद्धत लागू झाली. तेव्हापासून बिलाचे तीन भाग पडतात. पहिला भाग जोडणीचं मूळ भाडं. दुसरा, तुम्ही घेतलेल्या पे, म्हणजे विकतच्या, वाहिन्यांची किंमत, एकेकीची किंवा पॅकची. तिसरा, या दोन्हींवर १८ टक्के जीएसटी. मूळ भाड्याला आधी १३० रुपयांची कमाल मर्यादा होती. २०२४च्या जुलैमध्ये ट्रायने, म्हणजे दूरसंचार नियामकाने, ती काढून टाकली. त्यामुळे आता तुमची कंपनी नेमकं किती घेते हे विचारूनच घ्यायला हवं. पण एकेक वाहिनी निवडून घेण्याचा तुमचा हक्क तसाच आहे. हे कंपन्या मोठ्याने सांगत नाहीत. फोन केला की समोरची मुलगी आधी चार पॅकची नावं घेते, सगळ्यात स्वस्त पॅकसुद्धा असा काही सांगते की आपण 'बरं, द्या तोच' म्हणून मोकळे होतो. तुम्ही एकच वाक्य धरून ठेवा: "मला पॅक नको, वाहिन्या एकेक करून हव्यात."

हिशेब करून बघू. समजा मूळ भाडं जुनंच, १३० आहे. तुमच्या दोन मालिका दोन वेगवेगळ्या पे वाहिन्यांवर लागतात, प्रत्येकीचे १९ धरू. म्हणजे ३८. बेरीज १६८. त्यावर १८ टक्के, ३० रुपये २४ पैसे. झाले १९८ रुपये २४ पैसे. तुमच्या वाहिन्यांचे दर थोडे इकडेतिकडे असतील, पण ४५०च्या निम्म्याहून कमीच राहतील. सासूबाईंचं सगळं यातच येतं. नवा बॉक्स नाही, नवी डिश नाही, मेकॅनिक नाही. मुलाच्या मोबाइलवर जोडणीची नोंद असेल तर तो ठाण्यात बसून कंपनीच्या ॲपवर दहा मिनिटांत हे करू शकतो. त्याला आजच फोन लावा. मात्र वाहिन्यांची नावं तुम्ही सांगा, त्याला ठरवायला देऊ नका. आठवडाभर एका कागदावर लिहा, रोज रात्री: आज कुणी काय बघितलं. आठ दिवसांनी त्या कागदावर ज्या वाहिनीचं नाव एकदाही आलं नाही ती उडवा.

आता ह्यांची मॅच. तुमच्या पत्रातला हा भाग मला सगळ्यात महत्त्वाचा वाटला, कारण ह्यांना वाटत असणार की आपलंच काहीतरी चुकतंय, बटण चुकीचं दाबलं जातंय. तसं नाही. बाहेर ऐकून येतात ते खरं आहे आणि घरी दिसत नाही तेही खरं आहे. २००७ साली एक कायदा झाला. त्यानुसार राष्ट्रीय महत्त्वाच्या खेळांचं प्रक्षेपण ज्या खासगी कंपनीकडे असेल तिने ते प्रसारभारतीला, म्हणजे दूरदर्शनला, द्यावं लागतं. भारताच्या पुरुष संघाचे अधिकृत एकदिवसीय आणि टी-ट्वेन्टी सामने त्यात येतात. आयपीएल येत नाही. पण २०१७च्या ऑगस्टमध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की हे फुकट प्रक्षेपण दूरदर्शनच्या स्वतःच्या मनोऱ्यांवरून आणि स्वतःच्या डिशवरूनच दाखवता येईल. खासगी केबल आणि खासगी डिशवरून नाही. म्हणून मॅचच्या वेळी तुमच्या डिशवर दूरदर्शनची वाहिनी लावली की तिथे दुसरं काही दिसतं, आणि त्याच वेळी फ्री डिश असलेल्या शेजाऱ्याकडे मॅच चालू असते. वाहिनी दूरदर्शनचीच, पण रस्ता वेगळा. ह्यांना हे वाचून दाखवा.

तर फ्री डिश म्हणजे काय ते नीट सांगते, कारण दुकानदाराने अर्धं खरं सांगितलंय. डीडी फ्री डिश ही प्रसारभारतीची सेवा. डिसेंबर २००४मध्ये ती डीडी डायरेक्ट प्लस या नावाने सुरू झाली. आज देशात चार कोटींहून जास्त घरांत आहे. तिला महिन्याचं भाडं नाही, वर्षाचं नाही, रिचार्ज नाही. छत्री, एलएनबी (छत्रीसमोरचा लहरी पकडणारा डबा), वायर आणि बॉक्स यांचा एकदाच खर्च, साधारण दोन हजारांच्या आसपास. तीन हजारांत घासाघीस करायला जागा आहे असं मला वाटतं, पण उंच छपरावर चढून बसवणाऱ्या माणसाची मजुरी धरून बोला, ती त्याची हक्काची आहे. पुढे कधी कुणी "कार्ड चालू करायचे" किंवा "दर वर्षीचे" म्हणून पैसे मागितले तर देऊ नका. असे पैसे नसतातच.

अर्धं खोटं काय, तर मालिका. झी मराठी, स्टार प्रवाह, कलर्स मराठी या पे वाहिन्या आहेत, त्या फ्री डिशवर नाहीत. तुमच्या दोन मालिका यांपैकीच कुठल्या वाहिनीवर असतील तर ३००० भरून त्या दिसणार नाहीत. फ्री डिशवरच्या खासगी वाहिन्या लिलावात जागा घेऊन येतात. या जागा बहुतेक एप्रिल ते मार्च अशा वर्षभरासाठी असतात. पुढच्या वर्षी ती वाहिनी राहीलच असं कुणी सांगू शकत नाही. २०२२च्या १ एप्रिलला स्टार उत्सव, झी अनमोल, कलर्स रिश्ते आणि सोनी पल अशा चार लोकप्रिय वाहिन्या एकदमच उठून गेल्या. काल रात्रीपर्यंत दिसणारी मालिका सकाळी नाही. माझ्या ओळखीच्या एक आजी तेव्हा दोन दिवस बॉक्सच बिघडला असं समजून बसल्या होत्या. म्हणून "आयुष्यभर फुकट" यातलं फुकट खरं, पण आज जे दिसतं तेच आयुष्यभर दिसेल असं नाही. वाहिन्या बदलल्या की बॉक्समध्ये "ऑटो स्कॅन" करायचं, नव्या सापडतात. बॉक्स घेताना एमपीईजी-४ चा, म्हणजे चित्र उलगडायच्या नव्या पद्धतीचा, घ्या. जुना एमपीईजी-२ चा स्वस्तात देऊ केला तर नको म्हणा, त्यावर काही वाहिन्या उमटतच नाहीत.

मुलाचं वायफाय. त्याचं म्हणणं चुकीचं नाही, ठाण्यात बसून सुचलेलं आहे इतकंच. वाडीपर्यंत फायबरची वायर आली असेल, वीज टिकत असेल आणि टीव्ही स्मार्ट असेल, तर दूरदर्शनच्या वाहिन्या प्रसारभारतीच्या वेव्ज ॲपवर फुकट बघता येतात. हे ॲप २०२४च्या नोव्हेंबरमध्ये गोव्यातल्या चित्रपट महोत्सवात सुरू झालं. पण मालिकांच्या ॲपचं वर्गणीशुल्क वेगळं, आणि वायफायचं मासिक बिल वेगळं. मोबाइलच्या डेटावर तर नकोच: साध्या चित्रालाही तासाला साधारण एक जीबी जातो, दिवसाचा दीड जीबीचा पॅक सासूबाईंच्या सकाळच्या कीर्तनातच संपायचा. शिवाय रिमोटवर एक बटण दाबून वाहिनी लागते तसं ॲपमध्ये नसतं. आधी ॲप उघडा, मग शोधा, मग लावा. ८४ व्या वर्षी हे कुणावर लादू नये. शेजारची केबल वाडीपर्यंत आली असेल तर तिचाही विचार करता येईल, पण तिला दरांचे नियम डिशचेच लागू आहेत, आणि ह्यांची मॅच तिथेही दिसणार नाही. माडापोफळींवरून आलेली वायर पावसाळ्यात किती टिकते ते शेजाऱ्यालाच विचारा.

इथे थांबून सासूबाईंबद्दल एक सांगायचंय. माझ्या आईकडे आम्ही केबल काढून डिश घेतली, चांगल्या मनाने, चित्र स्वच्छ यावं म्हणून. तीन आठवड्यांनी गेले तर टीव्हीवर कापड घातलेलं. आई म्हणाली, "हल्ली काही लागत नाही गं त्यावर." लागत होतं सगळं. पण तिचा सह्याद्री आधी ज्या आकड्यावर लागायचा त्या आकड्यावर आता एक गुजराती वाहिनी येत होती, आणि नवा आकडा चार अंकी होता. तिला चार अंक भराभर दाबता यायचे नाहीत. दोन दाबेपर्यंत बॉक्स तिसरीकडेच जायचा. विचारायची लाज वाटली म्हणून तिने टीव्हीच बंद केला. तीन आठवडे. दिवसभर घरात एकटी. मी गेल्या वर्षीच्या कॅलेंडरच्या पाठीमागे स्केचपेनने तीन आकडे लिहिले, मोठ्ठे, बोटाएवढे, आणि रिमोटवरच्या "फेव्हरिट" बटणावर नेलपॉलिशचा एक लाल ठिपका दिला. त्यात तिच्या पाचच वाहिन्या घालून ठेवल्या. ठिपका दाबायचा, वर-खाली करायचं. एवढंच. त्या संध्याकाळी सातच्या बातम्या लागल्या तेव्हा ती काही बोलली नाही, फक्त आवाज वाढवला.

म्हणून तुम्हाला माझा सल्ला असा. सासूबाईंचा बॉक्स आणि रिमोट अजिबात बदलू नका. आहे त्या डिशवर पॅक काढून मोजक्या वाहिन्या ठेवा. यातच तुमच्या मालिकाही आल्या. त्याने महिन्याला अडीचशेच्या आसपास वाचतात. आठ-नऊ महिन्यांत त्यातून फ्री डिशचा खर्च निघतो. ती ह्यांच्यासाठी घ्या, त्याच टीव्हीच्या दुसऱ्या इनपुटवर. मॅच असली की हे आपल्या हाताने इनपुट बदलतील आणि मॅच संपली की परत जागेवर आणतील, एवढं त्यांच्याकडून कबूल करून घ्या. दोन रिमोट वेगळे दिसायला हवेत; ह्यांच्या रिमोटला रबरबँड गुंडाळा. फ्री डिशवर सह्याद्रीही येतो, त्यामुळे कधी मुलगा रिचार्ज विसरला तरी सासूबाईंचं अडणार नाही. ही दुसरी सोय मला पहिलीइतकीच मोलाची वाटते.

टीव्ही नवा असेल तर बॉक्स घेण्याआधी त्याची मागची बाजू बघा. स्क्रूसारख्या आट्यांचं एक गोल भोक असेल आणि शेजारी "एलएनबी" किंवा "सॅटेलाइट" लिहिलेलं असेल, तर टीव्हीतच उपग्रहाचा ट्यूनर आहे. अशा टीव्हीला छत्रीची वायर थेट जोडून फ्री डिश लागू शकते, बॉक्सचे पैसे वाचतात. दुकानदाराला हे करून बघायला सांगा.

आता पावसातल्या आठ दिवसांबद्दल. या डिश ज्या लहरींवर चालतात त्या जोराच्या पावसात मंदावतात, हे खरं. पण ते सरीपुरतं. ढग हटला की चित्र परत आलं पाहिजे. आठ दिवस बंद म्हणजे दोष पावसाचा नाही, पावसाने बाहेर काढलेल्या कशाचा तरी आहे. बहुतेक वेळा वायरीच्या टोकाचा. एलएनबीला जिथे वायर आटे फिरवून बसवतात तिथून पाणी आत शिरतं, आतली तांब्याची तार हिरवी पडते. कधी एलएनबीचं पुढचं प्लास्टिकचं टोपण उन्हाने तडकलेलं असतं. कधी वांदराने उडी मारलेली असते आणि छत्री बोटभर हललेली असते. बोटभर पुरे होतं, उपग्रह ३६ हजार किलोमीटरवर आहे. मेकॅनिक आला की त्याला बॉक्सच्या सेटिंगमधला सिग्नलचा पडदा लावायला सांगा. त्यावर दोन पट्ट्या दिसतात, स्ट्रेंग्थ आणि क्वालिटी. स्ट्रेंग्थची पट्टी वायर जोडली की भरते, छत्री भलतीकडे बघत असली तरी. तिच्यावर विश्वास ठेवू नका. क्वालिटी भरली तरच काम झालं. आणि तो जाण्यापूर्वी जोडावर टेप गुंडाळला आहे ना, वायर बॉक्सकडे येताना भिंतीत शिरण्याआधी खाली एक वळसा घेते ना, एवढं स्वतः बघा. त्या वळशावरून पाणी खाली ठिबकतं, घरात येत नाही.

फ्री डिशची छत्री मात्र पाऊस संपल्यावरच बसवा, आणि जागा तुम्ही निवडा, फिटरला निवडू देऊ नका. तो जिथे शिडी लागते तिथे बसवतो. फ्री डिशचा उपग्रह जीसॅट-१५, पूर्व रेखांश ९३.५ अंशांवर. तुमच्या लांज्याहून तो आग्नेयेला दिसतो, चांगला उंच, डोळ्यांसमोरून डोक्याच्या माथ्यापर्यंतच्या वाटेचा दोन तृतीयांश. बहुतेक खासगी कंपन्यांचा उपग्रह वेगळ्या जागी असतो, म्हणून एकच छत्री दोघांना सहसा चालत नाही. आग्नेयेला तुमचे माड असतील तर ते आड येतात, आणि माड आज आड येत नसला तरी चार वर्षांनी येईल.

जागा पारखायला यंत्र लागत नाही. सप्टेंबरच्या शेवटच्या आणि ऑक्टोबरच्या पहिल्या दोन-तीन दिवसांत, सकाळी अकराच्या सुमारास, सूर्य आकाशात बरोबर त्या उपग्रहाच्या जागी येतो. ज्यांच्याकडे फ्री डिश आहे त्यांचं चित्र त्या दिवसांत काही मिनिटं फुटतं ते यामुळेच. मार्चमध्येही असंच होतं. यंदा त्या सकाळी ह्यांना घेऊन अंगणात उभ्या राहा, ढग नसेल त्या दिवशी. अकरा वाजता जिथे लख्ख ऊन पडलंय आणि माडाच्या झावळीची सावली पोचत नाही, तिथे जमिनीवर कोळशाने खूण करा. खांब तिथे पुरायचा.